दोन बोटं कमी

मिस्त्रीच्या हातची फरशी लोक विसरून जायचे, आणि हीच तिची ओळख होती. कुठं पाय अडखळत नाही, कुठं पाणी साचत नाही, कोपऱ्यातून ओल येत नाही, मग तिची आठवण काढायची तरी कशाला? मिस्त्रीला मात्र सगळ्या आठवायच्या. लग्न असो की मयत, कुणाच्या घरी गेला की तो आधी खाली बघायचा आणि मग माणसांकडे. भिंतीशी बसायला मिळालं तर बोटाच्या पेरानं हळूच ठोकून बघायचा, आणि फरशी पोकळ वाजली तर त्याचं जेवणावरचं लक्ष उडायचं. बायको होती तोवर ती त्याला कोपरानं ढोसायची. ती गेली, ढोसायला कुणी उरलं नाही आणि खोड वाढतच गेली.

त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर धाकटी बहीण राहायची. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. वर्षातून एकदा घरी यायचा आणि अर्धी रजा झोपण्यातच घालवायचा. बहीण बेकरीत होती. पहाटे भट्टी पेटायच्या वेळी तिला हजर राहावं लागे, म्हणून पोरीला तलावावर नेऊन सोडायचं काम मामाकडं आलं. एकदा हातात घेतलेलं काम मिस्त्रीनं जन्मात कधी परत केलेलं नव्हतं. पोरगी सात वर्षांची होती तेव्हापासून हे चालू होतं: स्कूटरवर मागे बसून, गळ्यात टॉवेल, अर्धी झोपेत, डोकं मामाच्या पाठीवर. तो तिला बेडकी म्हणायचा. सोळाव्या वर्षी ती त्याच्यापेक्षा उंच झाली तरी बेडकीच राहिली. फक्त चारचौघांत तशी हाक मारलेली तिला आता खपत नसे.

ती पोहत असेपर्यंत मिस्त्री वरच्या पायरीवर बसायचा. खालच्या पायरीवर कधीच नाही. ज्या माणसानं सारा जन्म पाण्याला थोपवून धरण्यात घालवला, त्याला स्वतःला गुडघ्याच्या वर पाणी सोसत नव्हतं. पोरं त्याला चिडवायची, की मिस्त्री, एकदा उतरा तरी. तो म्हणायचा, "पाण्यानं पाण्याच्या जागी राहावं, मी माझ्या जागी राहतो. आमचं भांडण नाही."

पोहायला शिकवायला एक बाई होत्या. दिवसा शाळेत भूगोल शिकवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ तलावावर उभ्या असायच्या. आवाज असा, की डोकं पाण्याखाली असलेल्या पोरालाही आपलं नाव ऐकू जावं. कुणाला शाबासकी दिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. 'ठीक' म्हणाल्या की पोरं आठवडाभर हवेत असायची. आपल्या भाचीबद्दल बाई एकदा 'ठीकच आहे' म्हणाल्या, तेव्हा मिस्त्रीनं त्या 'च'चा अर्थ लावण्यात अख्खी दुपार घालवली होती.

तलावाचं दुखणं जुनं होतं. तो गळायचा. सकाळी भरलेला तलाव दुसऱ्या दिवशी बघावा तर पाणी वीतभर खाली, आणि ते जातं कुठं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नगरपालिकेचे ठेकेदार आले आणि गेले. प्रत्येकानं आपापलं ठिगळ लावलं आणि प्रत्येकाच्या ठिगळातून पाणी आपल्या वाटेनं गेलं. फरशी सुटलेली, पोरांचे पाय कापायचे. बाईंच्या पर्समध्ये शिट्टीच्या शेजारी कायम कापूस आणि पट्ट्या असायच्या.

मग एके वर्षी बाईंनी बातमी आणली. साऱ्या जगातल्या पोहण्याचा कारभार बघणारी एक मोठी संघटना आहे. मोठमोठ्या स्पर्धा टीव्हीवर दाखवायच्या हक्कांतून तिला पैसा मिळतो, आणि त्यातला काही वाटा ती अशा देशांसाठी बाजूला काढते जिथं पोहणारी पोरं आहेत पण धड तलाव नाहीत. कुठं प्रशिक्षकांना शिकवतात, कुठं तलाव दुरुस्त करून देतात. आणि ज्या मुलामुलीची वेळ त्यांनी ठरवलेल्या वेळेच्या आत येते, त्यांतल्या मोजक्यांना दोन वर्षं परदेशातल्या सराव केंद्रात ठेवून घेतात. राहणं, खाणं, शाळा, कोच, सगळं त्यांचं. बाई कितीतरी दिवस त्यांच्या मागे लागल्या होत्या. शेवटी तलावाचं काम मंजूर झालं, आणि बाईंनी ठेकेदाराला बजावलं की बाकी माणसं तुमची आणा, फरशी मात्र आमचा मिस्त्री लावेल.

मिस्त्रीला हा प्रकार पटायला वेळ लागला. ओळख ना पाळख, आणि आपल्या गल्लीतल्या फरशीला परक्यांनी पैसे द्यायचे? त्यानं बाईंना विचारलं, की त्यांना बदल्यात काय हवंय. बाई म्हणाल्या, पोहणारी मुलं. तो म्हणाला, तेवढंच? बाई म्हणाल्या, तेवढंच. फुकट कुणी काही देत नाही असं मानणाऱ्या पिढीतला तो. पण काम चालून आलं होतं, आणि तेही बेडकीच्या तलावाचं. त्यानं हत्यारं धुऊन ठेवली.

तलाव रिकामा केला तेव्हा तो जन्मात पहिल्यांदा त्याच्या तळाशी उतरला. सगळीकडे बोट वाजवत फिरला. लांबीकडच्या भिंतींची फरशी हात लावताच गळून पडत होती, ती त्यानं सगळी काढली. दोन्ही टोकांच्या आखूड भिंतींचं मात्र निराळंच होतं. तिथली जुनी फरशी अशी घट्ट बसली होती की ती लावणाऱ्या अनोळखी मिस्त्रीला त्यानं मनातल्या मनात हात जोडले. छिन्नीचा पहिला घाव घातला तशी फरशी हलली नाही, पण मागच्या भिंतीत केसाएवढी रेघ सरकत गेली. मिस्त्री तिथंच थांबला. रोग कुठं आहे ते त्याला कळलं होतं. भिंत आतून दमलेली होती आणि ती जुनी फरशीच तिला धरून होती. फोडायला गेलं तर भिंतच हातात येणार.

मग त्यानं तेच केलं जे कुठल्याही शहाण्या मिस्त्रीनं केलं असतं. जुन्या फरशीवर टाचे मारून ती खरबरीत केली, आणि तिच्यावरच नवी फरशी बसवली. घरोघरी हल्ली असंच करतात. घरातली बाथरूम दोन बोटं लहान झाली म्हणून कुणाची आंघोळ अडत नाही. ठेकेदाराचा इंजिनियर एकदा येऊन वरूनच डोकावला, फोनवर बोलत बोलत म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. मिस्त्रीला ते योग्यच वाटत होतं.

तलाव भरला आणि पाणी होतं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिथंच. आठवड्यानं तिथंच. नगरपालिकेच्या लोकांचा विश्वास बसेना. फाटकाशी संघटनेच्या निळ्या चिन्हाचा फलक लागला, फोटो निघाले. त्यात मागच्या रांगेत मिस्त्रीचा एक कान आणि अर्धी मिशी आली. त्यानं तो फोटो मागून घेतला आणि आरशाच्या कडेला खोचला. एवढा फुशारलेला त्याला कुणी पाहिला नव्हता.

आणि मग दुधात साखर पडली. नव्या तलावात निवड चाचणी झाली, लांब पल्ल्याच्या शर्यतीची, आणि बेडकीची वेळ संघटनेनं ठरवलेल्या वेळेच्या आत आली. फार नाही, थोडीशीच. पण आत ती आत. बाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं आणि 'ठीक' म्हणण्याऐवजी ओल्या पोरीला छातीशी धरलं. बहिणीनं बेकरीतून गोड पावाची टोपली आणून सगळ्या इमारतीला वाटली. जहाजावरून बापाचा फोन आला, मागे इंजिनाची घरघर, शब्द काही कळले नाहीत, पण तो हसत होता एवढं सगळ्यांना कळलं.

पुढं सगळं सुरळीत झालं असतं. बाई कागदपत्रं जमवत होत्या. एका सकाळी मिस्त्री आणि त्या तलावाच्या पंपखोलीबाहेर चहा पीत बसले होते, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, की बरं झालं, तलावाची लांबी दुरुस्तीच्या आधीच मोजून ठेवली होती. संघटनेला फक्त एवढंच लिहून हवंय की लांबी होती तेवढीच आहे. परत मोजणाऱ्याला बोलवायची कटकट नको.

मिस्त्रीचा कप ओठांपाशीच राहिला. त्यानं विचारलं, आवाज शक्य तेवढा रिकामा ठेवून, की समजा बाई, लांबी दोन बोटं इकडं-तिकडं झाली, तर?

जास्त झाली तर थोडी चालते, बाई म्हणाल्या. कमी झाली तर चालत नाही. तलाव आखूड असेल तर त्यात पोहलेली प्रत्येक वेळ रद्द. मग त्या कप विसळायला उठल्या.

मिस्त्रीला टेप लावायची गरज नव्हती. नवी फरशी किती जाड, खालचा मसाला किती जाड, हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक होतं. एका टोकाला एक बोट, दुसऱ्या टोकाला एक बोट. न्हाणीघराच्या विद्येनं त्यानं तलाव बांधला होता. तलाव म्हणजे पाणी साठवायची टाकी नसते, ती एक मोजपट्टी असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

त्यानं बहिणीला सांगितलं. ती पीठ लागलेला एप्रन सोडत होती. आधी तिला वाटलं फरशी पडली. मग तिनं विचारलं, किती कमी? त्यानं दोन बोटं दाखवली. तिनं त्या बोटांकडं पाहिलं आणि तिला हसूच आलं. एवढंसं? तो म्हणाला, दर फेरीला एवढंसं. सगळ्या फेऱ्या मिळून दीड हात होतं. आणि पोर ज्या थोडक्यात आत आली, ते त्याहून कमी आहे. तेव्हा तिचं हसू थांबलं.

"दादा, झाकली मूठ झाकलेलीच ठेव," ती म्हणाली. "त्या लोकांच्या पोरांना घराबाहेर पाऊल टाकलं की तलाव. आपल्या पोरीनं नऊ वर्षं गळक्या डबक्यात पाय कापून घेतलेत. तिला दोन बोटं मिळाली तर जगाचं काय जाणार आहे?"

तो म्हणाला, पण चाचणीत दुसरीही पोरं होती, मागोमाग आलेली औषधवाल्याची मुलगी होती. बहिणीकडं त्याचंही उत्तर तयार होतं. औषधवाल्याची मुलगी काय दुसऱ्या तलावात पोहली? भिंत सगळ्यांना सारखीच होती, आणि तरी आपलीच पहिली आली. मिस्त्रीनं वाद सोडून दिला. खरं तर त्याला बरंच वाटलं. बहीण लहानपणापासून भांडणात त्याला हरवत आली होती, आणि हरायला एवढं हलकं त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

तो गप्प बसला. पण खाई त्याला खवखवे. तलावावर गेला की तो पाण्याकडं पाठ करून बसू लागला. बाई समोर आल्या की चप्पल शोधू लागला. एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात त्यानं ओळंबा न लावताच दोन ओळी बसवल्या आणि मग त्या काढून परत लावल्या. गिऱ्हाईक म्हणालं, मिस्त्री, तब्येत बरी नाही का? त्यानं हो म्हणून टाकलं.

चारपाच दिवसांनी सराव संपला, बाकीची पोरं गेली, बाईही शाळेत निघून गेल्या. भाची टॉवेल गुंडाळून त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. केसांतून पाणी गळत होतं. तिनं विचारलं, "मामा, मी उंच झालेय का रे?"

तो म्हणाला, असशील, का? ती सांगू लागली. शेवटाला आलं की पाण्यात कोलांटी घेऊन पायांनी भिंतीला रेटा द्यायचा असतो. नव्या तलावात पहिल्या दिवसापासून तिचे गुडघे जास्त वाकत होते. भिंत लवकर यायची. तिला वाटलं आपण उंच झालो, पाय लांब झाले, आणि ती खूश होती. काल आईनं दाराच्या चौकटीशी उभं करून मापलं, तर पेन्सिलीची खूण होती तिथंच.

"म्हणजे भिंत पुढं आलीय," ती म्हणाली. "जुनी फरशी तू काढली होतीस ना?"

'हो' हा शब्द मिस्त्रीच्या जिभेवर आलेला होता. पोरीला तोच ऐकायचा होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बहिणीलाही तोच हवा होता, बाईंना तोच लिहून द्यायचा होता. एका अक्षरात सगळ्यांचं भलं होणार होतं.

"लांब भिंतींची काढली," तो म्हणाला. "टोकांची नाही काढली."

तिनं टॉवेल घट्ट ओढून घेतला. मग किती ते विचारलं, आणि त्यानं परत दोन बोटं पुढं केली. तिनं पाण्याकडं पाहत मनातल्या मनात फेऱ्या मोजल्या. आईला माहितेय का, तिनं विचारलं. त्यानं मान डोलावली. आई काय म्हणाली हे तिनं विचारलं नाही. तिला आई ठाऊक होती.

"तिकडं गेल्या गेल्या मला पोहायला लावतील, मामा," ती म्हणाली. "तिथली भिंत जिथं असायला पाहिजे तिथंच असेल. मग ते बघतील आणि म्हणतील, ही खोटं सांगून आली."

मिस्त्रीला हे सुचलंच नव्हतं. बहिणीलाही नाही. दोघांनी पोरीला विमानात बसवण्यापर्यंतचाच विचार केला होता, उतरल्यानंतरचा नाही. पोरगी रडत होती की केसांतलं पाणी तोंडावर येत होतं, ते त्याला कळेना. तिनं नाक पुसलं आणि विचारलं, बाईंना तू सांगतोस की मी सांगू?

"फरशी मी लावलीय," तो म्हणाला. "मीच सांगतो."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहून ऐकत होत्या, हातात नकाशाची गुंडाळी. एवढंच म्हणाल्या, की मी सही केली असती, मिस्त्री. उद्याच करणार होते. मग त्या वर्गात गेल्या आणि तास पुरा केला. संध्याकाळी त्यांनी संघटनेला सगळं जसंच्या तसं कळवलं. उत्तर आलं, की भिंत नीट करा. आमचा माणूस येईल, मोजेल, आणि त्याच्यासमोर चाचणी पुन्हा घ्या. तारीखही त्यांनीच दिली. त्यानंतर या वर्षाच्या जागा वाटल्या जाणार होत्या.

तलाव पुन्हा रिकामा झाला. आपणच लावलेली फरशी फोडायची पाळी मिस्त्रीवर कधी आली नव्हती. आणि ती सुटेना! इतकी चांगली लावली होती. प्रत्येक तुकड्याला त्याची छिन्नी बोथट झाली, मनगटं सुजली. तिच्याबरोबर खालची जुनी फरशीही उखडली तेव्हा त्याला वाटलं होतं तेच झालं, भिंतीला कोपऱ्यापासून तडा गेला. त्यानं तो भरला, जाळीच्या पट्ट्या घातल्या, पातळ गिलावा केला आणि ओळंब्याबरोबर टेप धरून नवी फरशी लावली. मजुरी घेतली नाही. ठेकेदारानं विचारलंही नाही.

पण या सगळ्यात तलाव कोरडा होता, आणि दुसरा तलाव दुसऱ्या शहरात. हा त्याच्या चुकीचा दुसरा हप्ता होता आणि तोही पोरीनंच भरला. ती रस्त्यावर धावायची, दाराच्या कडीला रबराचे पट्टे बांधून हात ओढायची, जमिनीवर पालथी पडून पाय मारायची. खालच्या मजल्यावरून तो आवाज मिस्त्रीच्या घरात ऐकू यायचा. तलाव भरला तेव्हा तारखेला जेमतेम काही दिवस उरले होते.

संघटनेचा माणूस उंच, टकला आणि शांत होता. त्यानं एका टोकाला यंत्र ठेवलं, दुसऱ्या टोकाच्या फरशीवर लाल ठिपका पडला. मिस्त्रीनं श्वास धरून ठेवला होता. माणसानं अंगठा वर केला. बाईंनी मिस्त्रीकडं बोट दाखवून सांगितलं, की भिंत यांची. त्या माणसाला ना राग आला ना नवल वाटलं. त्यानं बाईंना सांगितलं आणि बाईंनी मिस्त्रीला, की जगभर हे असंच चालतं. एका ठिकाणी तर तलाव बरोबर होता, पण ज्या टेपनं मोजला तिचंच टोक तुटलेलं होतं. मिस्त्रीला त्यानं काही दिलासा मिळाला नाही.

मग पोरं पोहली. बेडकीनं पाण्यात जीव ओतला. शेवटच्या फेरीला बाई काठावरून चालत चालत ओरडत होत्या आणि बहीण दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती. घड्याळ थांबलं. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळानं ती बाहेर राहिली. औषधवाल्याची मुलगी तिच्याही मागे. त्या माणसानं सगळ्या पोरांशी हात मिळवले, बेडकीशी जरा जास्त वेळ, आणि तो गेला. त्या वर्षीची जागा कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या पोराला मिळाली. त्यालाही मामा असेलच.

बहिणीनं त्याला एकच विचारलं, "झालं तुझं समाधान?" त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोरासमोर आले तर ती भिंतीकडं सरकून वाट द्यायची, परक्या माणसाला देतात तशी. तिचं चुकलं होतं असं मिस्त्रीला म्हणता येत नव्हतं. जिची पोरगी जाता जाता राहिली, तिनं कुणावर तरी चिडायचंच. आणि चूक तर त्याचीच होती, सांगण्याची नव्हे, त्याच्या आधीची.

भाची रागावली नव्हती, निदान तसं ती म्हणायची. पण ती पहाटे चालत तलावावर जाऊ लागली. मिस्त्री स्कूटर काढून फाटकाशी उभा राहायचा आणि ती दुसऱ्या फुटपाथनं निघून जायची. बहिणीच्या अबोल्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं. तरी तो रोज स्कूटर काढत राहिला. महिनाभर असं झालं. मग एका पहाटे तो खाली आला तर ती आधीच मागच्या सीटवर बसलेली होती, टॉवेल गळ्यात, डोळे मिटलेले. मिस्त्रीनं किक मारली आणि दोघं निघाले.

भिंतीनं मात्र त्याला सोडलं नाही. पंपखोलीच्या बाजूला ओलीचा डाग उठला. फार नाही, ताटाएवढा, पण डाग. मिस्त्रीच्या हातून पाणी गळलं ही बातमी गावातल्या साऱ्या गवंड्यांत पसरली आणि त्यांनी ती चवीनं खाल्ली. दर रविवारी तो तिथं जाऊन लिंपायचा, दर शनिवारी डाग पुन्हा हजर. कुणी टोमणा मारला की तो म्हणायचा, "गळू दे. लांबी बरोबर आहे." हे म्हणायला तो शिकला होता; पटायला त्याला पुष्कळ दिवस लागले.

पुढच्या वर्षी निवड चाचणी परत झाली. तोच टकला माणूस, तेच यंत्र, तोच लाल ठिपका. बेडकी आत आली, आणि या वेळी चांगली ऐसपैस आत आली. बाई 'ठीक' म्हणाल्या. विमानतळावर बहीण आणि भाऊ पोरीच्या बॅगेच्या दोन बाजूंना उभे होते. पोरीनं दोघांना मिठी मारली, आधी एकाला, मग दुसरीला, आणि काचेपलीकडं गेली. परतताना बहीण बसनं आली, मिस्त्री स्कूटरनं.

त्यानंतरच्या आठवड्यात मिस्त्री एका नव्या घराच्या स्वयंपाकघरात फरशी लावत होता. गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत सिमेंटनं भरलेले. दारात सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं. बहीण होती. बेकरीतून तशीच आलेली, एप्रन न सोडता.

"पोरीचा फोन आला होता," ती म्हणाली.

त्यानं थापी खाली ठेवली. ती फरशीच्या खोक्यावर बसली आणि सांगू लागली. थंडी फार आहे. खोलीत आणखी एक मुलगी आहे, तिची भाषा कळत नाही, पण दोघी हसतात. जेवण बेचव आहे पण पोटभर. मग ती जरा थांबली. पोचली त्याच्या दुसऱ्याच सकाळी, म्हणाली, तिला पाण्यात उतरवलं. नवीन आलेल्या सगळ्यांनाच उतरवतात. इथं लिहून दिलेली वेळ हातात घेऊन कोच काठावर उभा राहतो.

"मग?" मिस्त्रीनं विचारलं.

"तीच आली. इथं आली होती तीच." बहिणीनं एप्रनची कड बोटाला गुंडाळली. "तिच्या शेजारच्या लेनमधल्या एका पोराची नाही आली. कुठल्या देशाचा कोण जाणे. त्याला बाजूला घेऊन गेले. रात्री जेवायला आला नाही म्हणाली."

वर्षभर मिस्त्रीनं मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती, बहिणीला कधीतरी ऐकवायची म्हणून. त्यातलं एकही त्याला आता नको होतं.

"मी चुकले असं मी म्हणत नाही," ती म्हणाली.

"नको म्हणूस."

"पण मागच्या वर्षी ती गेली असती, आणि तिथं तिला असं बाजूला घेऊन गेले असते, दादा, आणि मी इथं पाव विकत उभी..."

ती रडू लागली, आई गेली तेव्हाही रडली नव्हती तशी, तोंड उघडं टाकून. मिस्त्रीचे हात भरलेले होते, तिच्या पाठीवर ठेवता येईनात. तो उठला, हात अंगापासून लांब धरून तिच्या शेजारी खोक्यावर बसला, आणि त्यालाही रडू आवरलं नाही.